किल्ली फिरवतं कोण? (विषाणू आणि पेशीचं दार)

पाटीवरचा_खडू | मंगळवार, सकाळी १०:४८

लेकीच्या शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. ती आठवीत. विषय तिनेच निवडला, विषाणू पेशीत कसा शिरतो. थर्माकोलचा गोळा, त्यावर टाचण्या, शेजारी पुठ्ठ्याची पेशी, पेशीला कुलूप आणि टाचणीच्या टोकाला किल्ली. २०२० मध्ये टीव्हीवर आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलेलं चित्र. थर्माकोल जुन्या मखराचं, पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा, खर्च शून्य, म्हणून मीही खूश होते.

काल रात्री जेवता जेवता म्हणते, "आई, किल्ली कुलपात बसली इथपर्यंत ठीक आहे. पण ती फिरवतं कोण? विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, त्याच्यात बॅटरी पण नाही. मग जोर कुठून आणतो?"

मी गणित शिकवते. "बाईंना विचार" म्हणून सुटका करून घेतली. बाई म्हणाल्या, परीक्षक एवढं खोलात जात नाहीत. झालं, आता मॅडम हट्टाला पेटल्या आहेत. इथे जीवशास्त्रवाले बरेच आहेत. आठवीच्या पोरीला कळेल असं कोणी सांगेल का? मला कळलं तरी पुरे.

खवट_खोबरं | १०:५५

आमच्या सोसायटीत वॉचमन फिरवतो. पेशीतही असाच कोणीतरी घरचा फितूर असणार.

नळस्टॉप | ११:०२

ताई, कुलूप-किल्ली हा दृष्टांत आहे. दृष्टांताची शेपटी धरून ओढली की तो तुटतोच. आठवीला एवढं पुरे. उद्या ती विचारेल की किल्ली पितळेची की लोखंडाची.

रानजाई | ११:२०

नळस्टॉप, प्रश्न एक नंबर आहे. पोरीला माझ्यातर्फे एक चॉकलेट.

मी कोंबड्यांच्या रोगनिदानाच्या लॅबमध्ये काम करते. आत्ताच राणीखेत रोगाच्या विषाणूची एचए प्लेट (विषाणू रक्तपेशींना चिकटून त्यांचे गठ्ठे करतो का, ते पाहायची चाचणी) लावून ठेवली आहे. वाचायला पाऊण तास आहे, तोवर लिहिते.

किल्लीच्या आधी तिला चिकटणं दाखवा. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, सूक्ष्मदर्शकही लागत नाही. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, आप्पेपात्राची नात म्हणा. पहिल्या खळग्यात विषाणूचं द्रावण दुप्पट पातळ करून, पुढच्यात त्याच्या निम्मं, त्याच्या पुढच्यात आणखी निम्मं, असं अकरापर्यंत. बारावा बिनविषाणूचा, तुलनेसाठी. मग प्रत्येकात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी, तीनदा धुतलेल्या, एक टक्का. रंग पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताचा. विषाणू नसेल तर पेशी घरंगळत तळाशी जातात आणि मधोमध लालचुटूक टिकली पडते. प्लेट तिरकी धरली की टिकलीला थेंबासारखा ओघळ सुटतो. विषाणू असेल तर एकेक विषाणू दोन-दोन पेशी धरून बसतो, त्याचं जाळं होतं आणि ते खळगाभर सायीसारखं पसरतं. टिकली पडतच नाही.

हे सापडलं अपघाताने. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट फ्लूची लागण केलेल्या अंड्यांतून गर्भाभोवतीचं पाणी काढत होते. गर्भाची रक्तवाहिनी फाटली, रक्त पाण्यात मिसळलं आणि पेशींचे गठ्ठे झाले. आजही आम्ही त्याच्यावरच पोट भरतो.

आता गंमत अशी की विषाणूचा एक हुक आणि पेशीवरची एक साखर (सायलिक आम्ल) एवढीच पकड पाहिली तर अगदी लेचीपेची असते. लागते आणि सुटते. पण फ्लूच्या एका विषाणूवर असे काही शे हुक असतात. आघाड्याची एक बी झटकली की पडते, पण शेताच्या बांधावरून चालून आल्यावर पायजमा बघा. म्हणून माझं मत, कुलूप काढा आणि आघाडा लावा. निदान चिकटण्यापुरतं तरी.

अण्णा_नारायणगाव | ११:३४

आघाडा म्हटल्यावर आम्हाला बोलायचा हक्क आला.

मी टोमॅटोवाला. माझा प्रश्न वेगळा. भेंडीवर केवडा येतो, मिरचीवर चुरडा-मुरडा येतो, टोमॅटोचं पान गोळा होतं, हे सगळे व्हायरसच. तिथे पण असंच हुक आणि साखर असतं का? असेल तर त्या साखरेवरच काही फवारता येईल ना. पांढऱ्या माशीवर फवारून फवारून खिसा रिकामा झाला.

सूक्ष्मदर्शी | ११:४१

अण्णा, दुर्दैवाने नाही. वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर (पटल म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा) सेल्युलोजची जाड भिंत असते. विषाणू पटलापर्यंत पोहोचूच शकत नाही, मग तिथे हुक कशाला लागेल? तो जखमेतून आत जातो किंवा किडीच्या सोंडेतून. पांढरी माशी म्हणजे सुई. एकदा आत पडला की पेशी-पेशींमधल्या बारीक नळ्यांतून शेजारी सरकत राहतो, प्रत्येक वेळी दार शोधावं लागत नाही.

हुक असतात, पण ते किडीसाठी. फुलकिड्यांबरोबर येणाऱ्या टोमॅटो स्पॉटेड विल्टच्या विषाणूवर आवरण असतं, आवरणावर काटे असतात. ते काटे फुलकिड्याच्या आतड्याला धरायला. प्रयोगशाळेत फुलकिडे मध्ये न आणता नुसता रस चोळून हा विषाणू झाडावरून झाडावर नेत राहिलं, तर काही काळाने काटे आणि आवरण नसलेले वाण तयार होतात. झाडाला त्यांची गरजच नव्हती.

अण्णा_नारायणगाव | ११:४९

हे कोणी सांगितलं नव्हतं आजवर. म्हणजे व्हायरसचं खरं लग्न किड्याशी, आम्ही नुसता मांडव.

२०२० ची गोष्ट सांगतो. टोमॅटो एकसारखे लाल न होता अर्धे पिवळे, अर्धे हिरवट निघायला लागले. लोकांनी नाव पाडलं तिरंगा. एका चॅनेलने त्याचा करोनाशी संबंध जोडल्यासारखी बातमी चालवली आणि बाजार झोपला. माझा नेहमीचा व्यापारी फोनवर विचारतो, "अण्णा, हा माणसाला होतो का?" मी म्हटलं, मी रोज खातोय, आणि अजून तिरंगा झालो नाही. पण माल तर बांधावरच गेला. तेव्हा हे वरचं कोणी चार ओळींत सांगितलं असतं तर.

रानजाई | ११:५४

अण्णा, वाईट वाटलं. त्या रोगात काकडीच्या मोझॅकचा विषाणू सापडला होता. तो मावा पसरवतो, माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटून जातो. माणसाच्या पेशीला धरायला त्याच्याकडे काही नाही. आपण रोज भाजीबरोबर वनस्पतींचे कोट्यवधी विषाणू गिळतो आणि ते सुखरूप दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात.

खवट_खोबरं | ११:५६

जेवायच्या वेळेला धन्यवाद.

नळस्टॉप | १२:०३

बरं, मी माघार घेतो, धागा रंगतोय. पण रानजाई, ती सायलिक का काय साखर तर सगळीकडेच असते म्हणता. मग कोंबडीचा फ्लू मला का होत नाही? मी तर आठवड्यातून तीनदा कोंबडीच्या संपर्कात असतो. रस्सा वेगळा.

सूक्ष्मदर्शी | १२:१५

शिजवलेल्या कोंबडीतला विषाणू मेलेला असतो, ते सोडा.

साखर तीच, पण टाका वेगळा. सायलिक आम्ल शेजारच्या साखरेला जोडलेलं असतं. पक्ष्यांच्या आतड्यात ते तिसऱ्या कार्बनला जोडलेलं, माणसाच्या नाका-घशात बहुतेक सहाव्याला. या एवढ्याशा फरकाने साखळीचा कोन बदलतो आणि पक्ष्यांच्या विषाणूचा हुक नीट बसत नाही. माणसाच्या फुफ्फुसात अगदी खोल मात्र तिसऱ्यावाल्या साखरा आहेत. म्हणून एच५एन१, म्हणजे कोंबड्यांचा जहाल फ्लू, माणसाला झाला तर न्यूमोनिया भयंकर होतो, पण खोकल्यातून दुसऱ्याला सहज लागत नाही. खाली अडकलेला असतो.

अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ पसरला तो या साखरांमुळेच. कासेत त्या भरपूर. श्वासाचा रोग म्हणून ओळखलेला विषाणू दुधात सापडला. दूध पाश्चराइज केलं की तो संपतो.

सातपुड्याचा | १२:२८

नवापूर. फेब्रुवारी २००६. भारतात पोल्ट्रीतला पहिला एच५एन१. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या मामांचे दोन शेड होते. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं आली, खड्डे खणले गेले. लाखो कोंबड्या गेल्या त्या भागात. मामांच्या कोंबड्या दिसायला ठणठणीत होत्या, पण ठरलेल्या टापूत होत्या. मामी शेडच्या दाराशी उभी राहून पिसं गोळा करत होती. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. शेडमध्ये आता कांदा ठेवतात.

एक विचारायचं आहे. कोंबड्यांना साधा फ्लूही होतो म्हणतात, त्यात त्या मरत नाहीत. मग यातच दोन दिवसांत उलथ्या-पालथ्या का झाल्या? हुक तर तोच ना?

रानजाई | १२:३७

हुक जवळपास तोच. फरक कात्रीचा, आणि आता मूळ प्रश्नाजवळ आलो.

फ्लूचा हुक तयार होतो तेव्हा अखंड असतो. तो एका जागी कापला गेल्याशिवाय चिकटतो, पण पेशीत शिरू शकत नाही. कापणारी कात्री, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, विषाणूकडे नसते, ती यजमानाची. साध्या फ्लूला चालेल अशी कात्री फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात मिळते, म्हणून रोग तिथेच राहतो. जहाल एच५एन१ च्या हुकावर कापायच्या जागी काही जास्तीची अमिनो आम्लं आलेली असतात, आणि तिथे फ्युरिन नावाची कात्री चालते. फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. मग मेंदू, हृदय, यकृत, सगळं मोकळं रान. करोनाच्या काट्यावरही फ्युरिनची जागा होती.

पुढचं जांभई डॉक्टरांनी सांगावं, मला एका पोल्ट्रीवाल्यांचा फोन येतोय.

खवट_खोबरं | १२:४०

म्हणजे मी १०:५५ ला सांगितलं तेच. घरचा फितूर. कोणी दखल घेईल का?

निसर्गोपचारी | १२:४४

विषाणू-बिषाणू काही नसतं. शरीरात आम वाढला की रोग होतो. पचन सुधारा, सगळं सुधारेल.

नळस्टॉप | १२:४६

आणि वरच्या प्लेटमधल्या पेशींचं पचन कोणी बिघडवलं? चला, पुढे.

डॉ_जांभई | १३:०५

नाइट करून आत्ता उठलो. बोलावलंच आहे तर लिहितो.

पेशीचं पटल म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. फ्लूचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास. हे पटल दारासारखं ताठ नसतं, तेलासारखं वाहतं असतं आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये हे चित्र मांडलं, थोड्याफार फरकाने आजही तेच चालतं. फ्लू, करोना, एचआयव्ही, राणीखेत यांच्या अंगावरही असंच पटल असतं, आधीच्या पेशीतून बाहेर पडताना पांघरून आलेलं. म्हणजे शिरणं याचा अर्थ दार उघडणं नाहीच. दोन पटलं एक होणं.

खवट_खोबरं | १३:१०

कळलं. मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे दोन गोल तरंगत असतात, चमचा लावला की एक होतात. तसंच ना?

डॉ_जांभई | १३:२१

उपमा उत्तम, फक्त एका ठिकाणी घसरते. तर्री आपापली एक होते. पटलं होत नाहीत. त्यांच्या पाणीप्रिय डोक्यांना पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात. दोन पटलं जवळ आणायची म्हणजे मधलं ते पाणी पिळून काढायचं, आणि त्याला जोर लागतो. नाहीतर आपल्या सगळ्या पेशी एव्हाना एकमेकींत विरघळून एकच भला मोठा गोळा झाला असता.

तर हा जोर कुठून? लेकीचा प्रश्न हाच आहे.

मराठीत किल्लीचे दोन अर्थ आहेत हे आपल्या पथ्यावर पडतं. एक कुलपाची. दुसरी, लहानपणी पत्र्याच्या बेडकाला द्यायचो ती. विषाणूची किल्ली दुसऱ्या जातीची. हुक ज्या पेशीत तयार झाला तिथे तो घडी घालून, ताणून ठेवल्यासारखा बनतो, कारण त्या वेळी त्याची दुसरी कुठली घडी पडूच शकत नाही. रानजाई म्हणाल्या ती कात्री चालली की खिट्टी तेवढी उरते. जोर आतच साठलेला. विषाणू प्रवासाला निघतो तो किल्ली दिलेलं खेळणं म्हणून. त्याला बॅटरी लागत नाही, कारण खर्च आधीच्या पेशीने केलाय.

खिट्टी काढते नवीन पेशी. फ्लूचा विषाणू चिकटला की पेशी त्याला पटलाच्या पिशवीत घेऊन आत ओढते, बाहेरचं सामान आत घ्यायची तिची ती रोजची रीत आहे. ही पिशवी आत जाताना आंबट होत जाते. पीएच ५ च्या जवळपास आला, म्हणजे बिनदुधाच्या कॉफीइतपत, की हुकाचा आकार एकदम बदलतो. आतला लपलेला पाणीद्वेष्टा भाग भाल्यासारखा बाहेर येऊन समोरच्या पटलात घुसतो, मग सगळं प्रथिन केसाच्या पिनेसारखं दुमडतं आणि दोन्ही पटलं एकमेकांवर ओढली जातात. आधी बाहेरचे थर मिसळतात, मग भोक पडतं आणि विषाणूचा ऐवज आत. एक हुक पुरत नाही, शेजारचे दोन-चार मिळून जोर लावतात. आणि सुटलेली स्प्रिंग परत बसत नाही. रिकाम्या जागी आम्लात टाकलं तर विषाणू हवेत बार काढून मोकळा होतो, मग तो कुणाच्याच कामाचा नाही.

पाटीवरचा_खडू | १३:२९

थांबा थांबा. म्हणजे किल्ली *आधीच* फिरवलेली असते? मधल्या सुट्टीत आहे, संध्याकाळी सांगते तिला. अंगावर काटा आला हो.

खवट_खोबरं | १३:३०

तुमच्या अंगावर नव्हे, विषाणूच्या.

मावळतीचा_वारा | १३:४२

डॉक्टर, सगळेच आंबट पिशवीत जातात का? करोनात हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी रांगा लागल्या होत्या, ती म्हणे पिशवी आंबट होऊ देत नाही. मग चाललं का नाही?

डॉ_जांभई | १३:५८

नेमकं बोट ठेवलंत. क्लोरोक्विनने पिशवीचं आम्ल कमी होतं हे खरं. २०२० च्या सुरुवातीला प्रयोगशाळेत व्हेरो पेशींवर ते चाललंही. या पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या, आणि त्यांच्यात टीएमपीआरएसएस२ नावाची कात्री जवळजवळ नसते. तिथे करोनाला पिशवीतूनच जावं लागतं. माणसाच्या श्वासमार्गातल्या पेशींवर ही कात्री पटलावरच बसलेली असते. विषाणू पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला चिकटतो, ही कात्री तिथल्या तिथे काटा कापते, दारातच काम होतं. मागचं दार बंद करून पुढचं उघडं ठेवलं, असा प्रकार. फुफ्फुसाच्या पेशी घेऊन प्रयोग केला तेव्हा औषधाचा परिणाम दिसला नाही. पुढे रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांतही दिसला नाही.

राणीखेतवाला पण दारातच उरकतो, आम्ल लागत नाही. एचआयव्हीसुद्धा.

चाळीतली_चंपा | १४:०७

एसीई२ वरून आठवलं. आमच्या बाबांनी मार्च २०२० मध्ये व्हॉट्सॅप वाचून बीपीची गोळी परस्पर बंद केली. "या गोळीने करोनाची कुलपं वाढतात." दहा दिवसांनी चक्कर येऊन मोरीत पडले, बीपी दोनशेच्या घरात. करोना झालाच नाही, पण चार टाके पडले. माझा प्रश्न, शरीराने असली कुलपं ठेवलीच कशाला?

सूक्ष्मदर्शी | १४:१८

विषाणूसाठी ठेवलेली नाहीतच. एसीई२ रक्तदाब आवरण्याचं काम करतं. एचआयव्ही ज्यांना धरतो ती सीडी४ आणि सीसीआर५ ही प्रथिनं रोगप्रतिकारक पेशींच्या आपसातल्या निरोपांसाठी आहेत. हिपॅटायटिस बी चा विषाणू ज्याला धरतो ते यकृतात पित्ताचे क्षार आत घेणारं प्रथिन, ते २०१२ मध्ये सापडलं. दाराची कडी घरच्यांसाठी असते, चोर तीच वापरतो.

क्वचित कोणाच्या घराला ती कडी नसते. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांत सीसीआर५ चं जनुक दोन्हीकडून तुटकं असतं. बहुतेक प्रकारचा एचआयव्ही त्यांच्या पेशीत शिरत नाही. अशा दात्याचा अस्थिमज्जेतला ऐवज २००७ मध्ये बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन यांना ल्युकेमियासाठी दिला आणि त्यांचा एचआयव्हीही गेला. भारतीयांमध्ये हे तुटकं जनुक अगदी दुर्मीळ.

नाकातल्या शेंबडाचंही कौतुक करायला हवं. त्यातल्या म्युसिन या चिकट प्रथिनावर सायलिक आम्ल ठासून भरलेलं असतं. फ्लूचा विषाणू पेशी समजून त्यालाच चिकटतो आणि शिंकेबरोबर बाहेर.

नळस्टॉप | १४:२१

पन्नास वर्षं "शेंबडा" ही शिवी समजत होतो. सगळ्यांची माफी मागायला हवी.

रानजाई | १४:३३

घोळ झाला. पोल्ट्रीवाल्यांचा फोन लांबला, मग हा धागा वाचत बसले, आणि प्लेट राहून गेली. आत्ता जाऊन पाहिली तर सगळ्या खळग्यांत टिकल्या! जणू विषाणू नव्हताच. लॅबचा एसी दोन दिवस बंद आहे, खोली तापलेली, आणि हा वाण भराभर सुटणारा आहे हे मला माहीत होतं. सरांनी विचारलं, काय झालं. काय सांगू, पाटीवरच्या खडूच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देत होते?

पण तिला हे नक्की सांगा, कारण हे पुस्तकात सहसा नसतं. विषाणूकडे हुकाबरोबर एक कात्री स्वतःची पण असते, न्युरामिनिडेज. ती सायलिक आम्लच कापते. राणीखेतमध्ये हुक आणि कात्री एकाच प्रथिनात, फ्लूमध्ये वेगवेगळ्या. वेळ दिला की विषाणू स्वतःच धरलेल्या साखरा कापत जातो, जाळं विस्कटतं, पेशी तळाशी घरंगळतात. हर्स्टनाही हे लगेच दिसलं होतं. सुटलेला विषाणू शाबूत असतो, ताज्या पेशी दिल्या की पुन्हा धरतो. साखर गेलेल्या जुन्या पेशींना मात्र परत धरू शकत नाही.

मावळतीचा_वारा | १४:४०

चिकटायचं आणि स्वतःच सोडवायचं? हा काय येडेपणा?

रानजाई | १४:५१

येडेपणा नाही. वरचा शेंबूड आठवा. त्यात अडकला तर सुटायला कात्री हवी. शिवाय नवीन विषाणू पेशीतून बाहेर पडतात ते त्याच पेशीच्या साखरांना आणि एकमेकांना चिकटून बसतात, तिथूनही सुटायला हवं. टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध हीच कात्री बोथट करतं. म्हणून ते लवकर, पहिल्या दोन दिवसांत घ्यायचं, पसरून झाल्यावर कात्री बोथट करून फारसा उपयोग नाही. पकड फार घट्ट झाली तरी विषाणू मेला, फार ढिली झाली तरी मेला.

प्लेट पुन्हा लावतेय. या वेळी फ्रिजमध्ये, चार अंशांवर. थंडीत कात्री मंद चालते.

नळस्टॉप | १४:५८

टॅमिफ्लू! ऑगस्ट २००९, पुणे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच. नाक्यानाक्यावर हिरवे मास्क, शाळा बंद, आणि एका दवाखान्याबाहेर मी चार तास रांगेत. पुढचा माणूस खोकला की अख्खी रांग दोन पावलं मागे. गोळी मिळाली तेव्हा तापाचा पाचवा दिवस. आता कळतंय की डॉक्टर "आता घेऊन काय" असं का पुटपुटले.

वाफाळता_चहा | १५:१६

मी प्रसूती विभागात सिस्टर आहे. वर डॉक्टर म्हणाले की पटलं आपोआप एक होत नाहीत, नाहीतर सगळ्या पेशींचा एक गोळा होईल. एक जागा आहे जिथे तो गोळा मुद्दाम होतो. बाळाची वार. आई आणि बाळाच्या रक्तामध्ये जो थर असतो तो असंख्य पेशी एकमेकींत मिसळून झालेला, मध्ये भिंतीच नाहीत. आणि त्यांना मिसळायचं काम करणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूचा हुक आहे. कधीतरी कोट्यवधी वर्षांपूर्वी तो विषाणू आपल्या पूर्वजांच्या जनुकांत घुसला आणि राहिला. २००० साली हे कळलं. इतकी वर्षं वार पूर्ण पडली का ते तपासतेय, पण हे वाचल्यापासून हातात घेतली की जरा थांबते.

अण्णा_नारायणगाव | १५:२०

ताई, हे बेस्ट.

पाटीवरचा_खडू | रात्री ९:१२

सगळ्यांना दंडवत. जेवणाच्या टेबलावर अख्खा धागा वाचून दाखवला. वारेचा भाग ऐकून सासूबाई टीव्ही बंद करून आल्या.

मॉडेल बदललं आहे. कुलूप गेलं. चिकटायला जुन्या दप्तराचं वेलक्रो (आघाडा आणायला गेलो होतो, सोसायटीच्या माळ्याने परवाच सगळं गवत काढलं). आणि किल्लीसाठी तिने माळ्यावरून उंदराचा सापळा काढलाय. म्हणते, "हा पण आपण आधी ताणून ठेवतो, उंदीर जोर लावतच नाही, तो फक्त खिट्टीला हात लावतो." परीक्षकांच्या हातात एक पेन्सिल द्यायची, ती म्हणजे आंबट पिशवी. खटका पडला की दोन फुगे एकमेकांवर आपटतील असं काहीतरी आहे. आतापर्यंत तीन फुगे आणि माझं एक नख गेलं.

एकच अडलंय. सापळा ताणताना "आधीची पेशी" कुठे दाखवायची? ती म्हणते, टेबलामागे मी उभी राहीन, मीच आधीची पेशी.

खवट_खोबरं | ९:१५

आणि फितूर वॉचमन? तो रोल मी करायला तयार आहे. शनिवारी मोकळा आहे.

डॉ_जांभई | ९:२६

पेन्सिल लांब द्या. परीक्षकांची बोटं शाबूत राहिली पाहिजेत.

रानजाई | ९:४०

दुसरी प्लेट आली. सातव्या खळग्यापर्यंत जाळं, आठव्यापासून टिकल्या, बाराव्यात स्वच्छ टिकली. म्हणजे १:१२८, विषाणू १२८ पट पातळ केला तरी जाळं होतं. फोटो काढलाय, खडूताई, तुम्हाला व्यनि करते, मॉडेलशेजारी लावा. आता घरी जाते.